नववीच्या वर्गात स्वभावाची ओळख: शिक्का न मारता बलस्थानं कशी शोधावीत

मोबाइलवर दहा मिनिटांची चाचणी द्यायची आणि 'मी अंतर्मुख आहे, मला लोकांत मिसळायचं काम जमणार नाही' असं ठरवून टाकायचं, हे आठवी-नववीच्या मुलांमध्ये सर्रास दिसतं. या वयात असा शिक्का पटकन बसतो आणि निघता निघत नाही. म्हणून स्वभाव शिकवायचा तर नाव देण्यापासून सुरुवात करू नका. मूल प्रत्यक्षात काय करतं, ते त्याला दिसू द्या. खालची आखणी 45-50 मुलांच्या वर्गासाठी, 35 मिनिटांच्या चार तासिकांची आहे. आठवड्याला एकच तासिका घ्या, कारण मधल्या दिवसांत मुलांनी स्वतःकडे पाहायचं असतं.

आधी तुमच्या स्वतःच्या मनात एक गोष्ट पक्की हवी. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी केली आणि पुढे तिच्यावरून 16 प्रकारांची लोकप्रिय चाचणी तयार झाली. तिची मोठी अडचण अशी की ती मधोमध रेघ मारून माणसं दोन बाजूंना टाकते, आणि बहुतेक माणसं त्या मधल्या रेघेच्या आसपासच असतात. त्यामुळे दोन-चार उत्तरं बदलली तरी प्रकार बदलतो. मानसशास्त्रातलं संशोधन आज मुख्यतः पाच गुणांवर चालतं: नव्या अनुभवांची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक स्थैर्य. यातला प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांमध्ये असतो. वर्गात हीच पट्टी वापरा.

पहिल्या तासिकेची तयारी आदल्या दिवशी करायची. दहा साध्या प्रश्नांचा कागद मुलांकडून भरून घ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या हातात त्याचं नाव घातलेलं, घडी करून स्टेपल केलेलं 'तुझं वर्णन' द्या. आत सगळ्यांना एकच मजकूर असेल: 'तुला वरवर शांत राहता येतं, पण मनात बरीच काळजी चालू असते. तुझ्यात खूप काही आहे, ते अजून पुरतं वापरलं गेलेलं नाही. कधी कधी तुला माणसं हवीशी वाटतात, कधी एकटं राहावंसं वाटतं.' वर्णन किती जुळलं याला पाचपैकी गुण द्यायला सांगा, बोट वर करून मोजणी फळ्यावर लिहा, मग शेजाऱ्याशी कागद बदलायला लावा. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. सरासरी आली पाचपैकी सुमारे 4.3, आणि वाक्यं बहुतांशी राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. स्टेपल विसरलात तर पहिल्याच मिनिटात मुलं एकमेकांचे कागद पाहतात आणि प्रयोग फसतो. असं मोघम वर्णन कुणालाही जुळतं, हा खुलासा मात्र त्याच तासिकेत करा. मुलांना फसवलेल्या अवस्थेत घरी पाठवू नये.

दुसऱ्या तासिकेला व्हरांड्यात खडूने सहा-सात मीटरची रेघ ओढा, तिच्यावर 0 ते 10 आकडे टाका. पंधरा-पंधरा मुलांना बोलवा. प्रश्न नेहमी जोडीने विचारा. 'लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी माणूस बसला, तू आपणहून बोलतेस का?' आणि लगेच, 'मे महिन्यात मामाच्या घरी सगळी भावंडं जमली की?' पहिल्याला 2 वर असलेली मुलगी दुसऱ्याला 8 वर जाऊन उभी राहते. तिथेच थांबून तिला विचारा, 'काय बदललं?' माणसं ओळखीची आहेत, कुणी हसणार नाही, खेळ ठरलेला आहे, अशी उत्तरं येतात. दुसरी बाजूही दाखवा: काही मुलं दोन्ही वेळा वरच्या आकड्यांवर, काही दोन्ही वेळा खालच्या आकड्यांवर असतात. प्रसंग बदलला तरी टिकून राहणारा तो कल म्हणजे स्वभाव.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलं मित्राच्या शेजारी जाऊन उभी राहतात. उपाय सोपा आहे: आकडा आधी चिठ्ठीवर लिहायचा, मग चालायचं. काळजी, भीती, रडू याबद्दलचे प्रश्न या रेघेवर चुकूनही घेऊ नका. ते ज्याचे त्याने वहीत लिहावेत आणि ती वही कुणी मागू नये.

तिसरी तासिका सगळ्यांत महत्त्वाची, गरज पडली तर तिला दोन तास द्या. प्रत्येकाने गेल्या महिन्यातले तीन प्रसंग लिहायचे, तीन रकान्यांत: काय घडलं, मी काय केलं, त्यामुळे काय झालं. 'मी मनमिळाऊ आहे' असं वाक्य आलं की परत पाठवा आणि विचारा, 'कधी? नेमकं काय केलंस?' समजा उत्तर आलं, 'कबड्डीच्या संघात दोघींचं भांडण झालं, मी दोघींशी वेगवेगळं बोलले, मग सरावाच्या वेळी दोघींना एका बाजूला घेतलं.' आता बलस्थान हाती लागलं: भांडणाच्या वेळी ती बाजू घेत नाही, आधी ऐकते. शाळेबाहेरचे प्रसंग आवर्जून मागा. दुकानाचा हिशोब सांभाळणारा, धाकट्या भावाला तयार करून अंगणवाडीत सोडणारी, आजीच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवणारा, यांना हे गुण वाटतच नाहीत, कारण त्यांना मार्क मिळत नाहीत.

मग पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येकाने गटातल्या इतर चौघांना एकेक चिठ्ठी लिहायची, सुरुवात ठरलेली: 'मी तुला ... करताना पाहिलं.' चिठ्ठ्या थेट वाटू देऊ नका. गोळा करा, वाचा, टोमणे बाजूला काढा, दुसऱ्या दिवशी द्या. गप्प मुलांना चारही चिठ्ठ्यांत 'तू शांत आहेस' एवढंच मिळतं, आणि ते वाचून मूल आणखी मिटतं. अशी मुलं तुम्हाला आधीच ठाऊक असतात. त्यांच्यावर दोन आठवडे लक्ष ठेवा आणि पाहिलेली एक खरी गोष्ट स्वतः लिहून द्या.

चौथ्या तासिकेत प्रत्येकाने सापडलेलं एक बलस्थान घेऊन दोन आठवड्यांचं छोटं काम ठरवायचं. ऐकून घेणारीने गटप्रकल्पात सगळ्यांची मतं टिपायची, हिशोबाच्या मुलाने सहलीची वर्गणी सांभाळायची. बलस्थानाचा अतिरेकही बोलून घ्या: काटेकोर मुलगा पहिलंच उत्तर सुंदर लिहिण्यात वेळ घालवतो आणि पेपर अर्धा राहतो. त्याला घड्याळ लावून सराव द्या, काटेकोरपणा सोडायला सांगू नका.

यावरून विज्ञान की वाणिज्य हे मात्र ठरवू नका. स्वभाव, आवड आणि क्षमता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकलेची आवड असलेल्या मुलाचा हात अजून बसलेला नसेल, आणि गणितात हुशार मुलीला गणित कंटाळवाणं वाटत असेल. शाखेचा निर्णय घेताना तिन्ही पाहावे लागतात.

अबोलपणा आणि त्रास यांत फरक करा. एकटं बसून रमणारं मूल ठीक असतं. पण पूर्वी बोलणारं मूल अचानक गप्प झालं, तोंडी परीक्षेच्या दिवशी दर वेळी पोट दुखू लागलं, डबा तसाच परत जाऊ लागला, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नका. पालकांशी आणि समुपदेशकाशी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

पालकसभेत 'तुमची मुलगी अंतर्मुख आहे' असं म्हणू नका. तिने काय केलं ते सांगा: 'प्रयोगवहीतली आकड्यांची चूक गटात फक्त तिच्याच लक्षात आली. ती सांगायला तिने तास संपेपर्यंत वाट पाहिली. पुढच्या वेळी लगेच सांगावी म्हणून निरीक्षणं वाचून दाखवायचं काम आम्ही तिला दिलं आहे.'