प्रश्नातली मेख: सामान्यज्ञान स्पर्धेची तयारी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

सामान्यज्ञानाची तयारी म्हटलं की नवखे आधी याद्या गोळा करतात. देश आणि राजधान्या, शोध आणि संशोधक, सर्वांत उंच, सर्वांत लांब. आठवडाभर घोकंपट्टी चालते आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की पाठ केलेलं काहीच कामाला येत नाही. यादी तोंडपाठ असते, पण ती नोंद यादीत का आहे हे ठाऊक नसतं. तयारी या 'का'पासून केली तर निम्मं पाठांतर वाचतं.

सुरुवात 'सर्वांत'वाल्या प्रश्नांपासून करा, कारण हातातले गुण इथेच जास्त निसटतात. 'जगातलं सर्वांत मोठं सरोवर कोणतं?' हा प्रश्न मुळात अर्धवट आहे. क्षेत्रफळ पाहिलं तर कॅस्पियन. नावात समुद्र असला तरी चहूबाजूंनी जमीन असल्यामुळे तो सरोवरांत धरतात. गोड्या पाण्याचं, क्षेत्रफळाने मोठं म्हटलं तर सुपीरियर. गोड्या पाण्याचंच, पण पाण्याच्या साठ्याने मोठं म्हटलं तर बैकल, कारण त्याची खोली १,६४२ मीटरपर्यंत जाते. पर्वतांचंही असंच आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. पायथ्यापासून शिखरापर्यंत मोजलं तर हवाई बेटांवरचा मौना केआ, कारण त्याचा निम्म्याहून जास्त भाग समुद्राखाली आहे. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं शिखर विचारलं तर इक्वेडोरमधलं चिंबोराझो, जे समुद्रसपाटीपासून जेमतेम ६,२६३ मीटर उंच आहे! पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते, आणि चिंबोराझो विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. म्हणून वहीत 'सर्वांत उंच: एव्हरेस्ट' अशी सुटी ओळ लिहूच नका. तिन्ही शिखरं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे मोजण्याची पद्धत लिहा. याच पानावर वाळवंटंही घ्या: सर्वांत मोठं अंटार्क्टिका, सर्वांत मोठं उष्ण वाळवंट सहारा. वाळवंट पावसाच्या तुटवड्यावरून ठरतं, वाळूवरून नाही.

इतिहासात सनावळ्या रटण्यापेक्षा शतकामागे तीन-चार खुंट्या ठोका आणि बाकीचं त्यांना अडकवा. १४५३ ही उत्तम खुंटी आहे. त्या साली कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ऑटोमन तुर्कांच्या हाती पडलं, इंग्लंड-फ्रान्समधलं शतवार्षिक युद्ध संपलं (ते १३३७ ला सुरू झालं, म्हणजे ११६ वर्षं चाललं, हाही हमखास येणारा प्रश्न), आणि लिओनार्दो दा विंची तेव्हा एक वर्षाचा होता. दुसरी खुंटी १८८९. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी आयफेल टॉवर उभा राहिला आणि त्याच वर्षी व्हॅन गॉगने 'द स्टारी नाइट' रंगवलं. एका सनात राजकारण, स्थापत्य आणि चित्रकला तिन्ही सापडतात.

नावावर किंवा प्रसिद्धीवर मात्र विसंबू नका. रशियातली ऑक्टोबर क्रांती आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली; रशियात तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग चालू होतं आणि ते १३ दिवस मागे होतं. आइन्स्टाइनला १९२१ चं नोबेल मिळालं ते प्रकाशविद्युत परिणामाच्या स्पष्टीकरणासाठी, सापेक्षतावादासाठी नाही.

विज्ञानात शब्दाची फोड करायची सवय लावा. हेलियमची खूण १८६८ च्या सूर्यग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसली, म्हणून नाव सूर्यदेव हेलिओसवरून. पृथ्वीवर तो विल्यम रॅम्सेला १८९५ मध्ये सापडला. आता त्याच्या सख्ख्या भावंडांची, म्हणजे इतर निष्क्रिय वायूंची नावं बघा: निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. हेलियमचाच शेवट सोडियम-कॅल्शियमसारखा, कारण नाव ठेवताना तो धातू असावा असा समज होता. एवढं कळलं की हा वायू आयुष्यभर विसरत नाही.

आता रोजचं काम. एका कार्डावर एकच प्रश्न, मागे उत्तर आणि एका ओळीत कारण. रोज १५ नवी कार्डं पुरेत. ४० केली तर आठव्या दिवशी उजळणीचा डोंगर साचतो आणि नवखे नेमके तिथेच सोडून देतात. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी. चुकलेलं कार्ड परत पहिल्या दिवसावर. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा: चित्रावरून चित्रकार आणि चित्रकारावरून चित्र. 'गेर्निका' म्हटलं की पिकासो आठवतो, पण '१९३७ च्या बॉम्बहल्ल्यानंतर पिकासोने चितारलेलं गाव कोणतं' असं विचारलं की अनेक जण अडतात. बदलणाऱ्या माहितीच्या कार्डावर तारीख टाका. ग्रहांच्या चंद्रांची संख्या हे सर्वांत धोकादायक कार्ड. ती दर सहा महिन्यांनी तपासा.

भूगोलासाठी कार्डं कमी पडतात. कोऱ्या कागदावर एका खंडाचा नकाशा आठवून काढा, मग अॅटलास उघडून चुका लाल शाईने दुरुस्त करा. आठवड्याला एक खंड.

बझरच्या फेरीत 'पण' आणि 'तर' या शब्दांची वाट बघा. 'मेरी क्यूरी यांना १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तर १९११ मध्ये...' इथे 'तर'च्या आधी बझर दाबणारा 'भौतिकशास्त्र' सांगून बसतो. उत्तर रसायनशास्त्र आहे.

सरावानंतर चुकांची वही भरा आणि प्रत्येक चुकीपुढे तिची जात लिहा: माहीतच नव्हतं, दोन गोष्टींची गल्लत झाली, की प्रश्न नीट वाचला नाही. पहिलीसाठी नवं कार्ड करा. दुसरीसाठी दोन्ही गोष्टी एकाच कार्डावर समोरासमोर मांडा, जसं फ्रेंच चित्रकार माने (१८६३, 'ऑलिंपिया') आणि मोने (१८७२, 'इम्प्रेशन, सनराइज', ज्यावरून दृक्प्रत्ययवादी शैलीला इम्प्रेशनिझम हे नाव पडलं). तिसरीला कार्ड उपयोगाचं नाही. पुढचे ५० प्रश्न सोडवताना आधी विशेषणाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि मगच उत्तर लिहायचं.