किट कारच्या पुढच्या स्प्रिंगा: ग्राइंडर बाजूला ठेवा, आधी मोजा

पुढच्या स्प्रिंगा निवडताना सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला पुण्याच्या नाना पेठेत दुकानाच्या काउंटरवरच मिळतो. समोरचा माणूस स्प्रिंग दोन्ही हातांनी दाबतो आणि म्हणतो, "ही कडक आहे, हीच घ्या." हाताचा जोर असतो दहा-पंधरा किलोचा. हलक्या किट कारमध्येसुद्धा (सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या गाडीत) गाडी नुसती उभी असताना त्या स्प्रिंगवर दोनशे किलोच्या आसपास भार येतो. तेव्हा हाताने दाबून काही कळत नाही.

दुसरा सल्ला जुन्या मारुतीच्या स्प्रिंगा बसवण्याचा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी त्या स्वस्तात मिळतात हे खरं. "किट कार हलकी, म्हणजे या स्प्रिंगा तिला कडकच पडतील" हा त्यामागचा हिशोब मात्र बहुतेक वेळा उलटा पडतो. का ते पायरी ३ मध्ये सांगतो.

इथे लोटस सेव्हन ढंगाची गाडी धरली आहे: नळ्यांची चासी, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात), तिरका बसवलेला कॉइलओव्हर शॉकअप (ज्याच्याभोवतीच स्प्रिंग बसते). बुश आणि बॉल जॉइंट ढिले असतील तर ते आधी बदला.

पायरी १: वजन

चारही चाकांखाली एकेक डिजिटल काटा ठेवा. बाथरूममधले १५० किलोचे काटे चालतात. जमीन समपातळीत आहे का, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती आणि टाकीत अर्धं पेट्रोल हवं. रिकाम्या गाडीचं वजन घेऊन काही साधत नाही, ती कधी रिकामी चालत नाही.

पायरी २: स्प्रिंगखालचं वजन वजा करा

चाक, टायर, हब, ब्रेक यांचं पूर्ण वजन आणि विशबोनचं अर्धं. समजा पुढच्या एका चाकावर १४० किलो आले आणि त्यातले हे २५ किलो गेले. स्प्रिंगच्या वाट्याला ११५ किलो राहिले.

पायरी ३: चाक किती हलतं आणि शॉकअप किती हलतो

सगळं घोडं इथेच अडतं. मीही या पायरीवर बरेच दिवस डोकं फोडलं आहे, कारण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

चासी स्टँडवर पक्की बसवा, हलता कामा नये. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा दांडा) सोडवा. स्प्रिंग काढा, शॉकअप तसाच राहू द्या. विशबोनच्या रबरी बुशांचे बोल्ट ढिले करा, नाहीतर बुश पीळ खाऊन चाकाला अडवतं. (हे बोल्ट पुन्हा आवळायचे ते गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असतानाच. अधांतरी लटकलेल्या विशबोनवर आवळाल तर बुश कायम पिळात राहतं आणि लवकर फाटतं.) आता हबखाली जॅक लावा, बाजूला जमिनीवर स्टीलची पट्टी उभी करा आणि हब १० मिलिमीटरच्या टप्प्यांनी वर न्या: नेहमीच्या उंचीच्या ३० मिमी खालून ५० मिमी वरपर्यंत. दर टप्प्याला शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यांमधलं अंतर वहीत लिहा.

समजा नेहमीच्या उंचीच्या आसपास हब १० मिमी उचलला की शॉकअप ६ मिमी दबतो. तुमचं गुणोत्तर ०.६. नेहमीच्या उंचीजवळचाच आकडा धरा, सगळ्या टप्प्यांची सरासरी काढू नका.

आता बहुतेकांचा हिशोब जिथे फसतो ती जागा. चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगच्या कडकपणाला ०.६ ने एकदा गुणून नव्हे, दोनदा गुणून. चाक १० मिमी हललं तरी स्प्रिंग ६ मिमीच दबते, ही एक घट. त्या दबलेल्या स्प्रिंगचा जोर चाकापर्यंत पोचताना पुन्हा ०.६ होतो, ही दुसरी. ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.३६. स्प्रिंगचा जेमतेम एक तृतीयांश कडकपणा चाकाला मिळतो. मारुतीच्या मूळ स्ट्रटमध्ये (जवळजवळ उभ्या शॉकअपमध्ये) हेच गुणोत्तर १ च्या जवळ असतं, म्हणून तिकडे कडक वाटणारी स्प्रिंग तुमच्या तिरक्या शॉकअपवर मऊ पडते.

आणखी एक खड्डा आहे. काही जण यावर शॉकअपच्या तिरकेपणाची वेगळी वजावट सांगतात. तुम्ही शॉकअपची लांबी प्रत्यक्ष मोजली असेल तर तिरकेपणा त्या आकड्यात आलेलाच आहे. तो पुन्हा धरलात तर गरजेपेक्षा कडक स्प्रिंग माथी बसेल.

हिशोब असा. रस्त्यावरच्या हलक्या स्पोर्ट्स गाडीला पुढे सेकंदाला दीड हेलकावे मला योग्य वाटतात. मागे त्याहून थोडे जास्त ठेवा, म्हणजे उंचवटा ओलांडल्यावर गाडी डुलत नाही. ६.२८ गुणिले १.५, त्याचा वर्ग, गुणिले ११५ किलो, भागिले १०००: चाकाशी १०.२ न्यूटन प्रति मिमी लागतात. भागिले ०.३६, म्हणजे स्प्रिंग २८.४ ची. एकदाच ०.६ ने भागलं असतं तर १७ ची आली असती. ती स्प्रिंग नुसत्या गाडीच्या वजनाने (११५ भागिले ०.६, म्हणजे स्प्रिंगवर सुमारे १९२ किलो) ११० मिमी दबते. २८.४ ची दबते ६६ मिमी. १७ च्या स्प्रिंगवर गाडी जवळजवळ बम्प स्टॉपवरच (शॉकअपचं दबणं थांबवणाऱ्या रबरावर) बसेल, मग मालक म्हणणार, "स्प्रिंग खराब निघाली."

पायरी ४: लांबी

नेहमीच्या उंचीवर दोन्ही कपांमध्ये (स्प्रिंगची टोकं जिथे बसतात) १८४ मिमी असतील तर त्यात ६६ मिळवा. मोकळी लांबी २५० मिमी. चाक पूर्ण खाली लटकल्यावरही स्प्रिंग कपात थोडी दाबलेली राहिली पाहिजे.

कॉलर (खालच्या कपाची आट्यांची रिंग) वर फिरवली की स्प्रिंग कडक होते, हे विसरा. सगळीकडे सारखे वेढे असलेल्या सरळ स्प्रिंगमध्ये कॉलरने फक्त उंची बदलते.

पायरी ५: कापायची की करून घ्यायची

करून घ्या. आठ कामाच्या (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांमधला एक कापला की कडकपणा १४ टक्क्यांनी वाढतो, इथवर ठीक. पण लांबीही घटते, आणि कापलेलं उघडं टोक कॉइलओव्हरच्या सपाट कपात कधीच नीट बसत नाही. मग ते टोक गॅसने तापवून वाकवणारा कोणीतरी भेटतोच. त्याच्याकडून गाडी उचलून घरी आणा. तापवलेल्या जागी स्प्रिंगचं पाणी उतरतं. तिथे ती बसते किंवा तुटते, आणि तुटते ती वळणावर. मूळ टोकच उघडं असेल आणि कप त्याच आकाराचा असेल, तरच पातळ चकतीने, ओलं फडकं लावत, थांबत थांबत कापा.

भोसरी एमआयडीसीत स्प्रिंग करणारे आहेत. त्यांना लिहून द्या: तार १० मिमी, आतला व्यास ६३.५ मिमी, मोकळी लांबी २५० मिमी, कामाचे वेढे पावणेनऊ, दोन्ही टोकं बंद आणि घासलेली, पोलाद ईएन ४७, शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) आणि स्क्रॅगिंग करून. स्क्रॅगिंग म्हणजे स्प्रिंग पूर्ण दाबून सोडणं. ते टाळलं तर गाडी पुढे खाली बसत जाते. क्रोम प्लेटिंग चमकतं छान, पण त्यातल्या हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतं. पावडर कोटिंग घ्या.

माल हातात आला की तार व्हर्नियरने मोजा, तीही रंग नसलेल्या जागी. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर जातो: १० ऐवजी १०.५ ची तार आली तर स्प्रिंग जवळपास २२ टक्क्यांनी कडक. दोन्ही स्प्रिंगा तिथल्याच टेस्टिंग मशीनवर दाबून पाहा. पहिले २५ मिमी सोडून २५ ते ७५ मिमीमधला भार मोजा, सुरुवातीला टोकाचे वेढे बसत असतात. दोघींत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जोडी परत करा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पायरी ६: बसवा आणि तपासा

बसवणं अर्ध्या तासाचं काम. शॉकअपचा रिबाउंड (दबून परत लांब होतानाचा रोध) थोडा वाढवा.

शॉकअपच्या दांड्यावर एक पातळ झिप टाय घट्ट सरकवून बॉडीला टेकवा. नंबर नसलेली गाडी टेम्पोत घालून खाजगी जागेवर किंवा ट्रॅकवर न्या, रस्त्यावर काढू नका. १०० मिमी उंचीचा गोल स्पीडब्रेकर आणि एक जोरदार ब्रेक झाल्यावर टाय कुठवर सरकला ते पाहा. दर वेळी बम्प स्टॉपला भिडत असेल तर दहा टक्के कडक स्प्रिंग घ्या. अर्धा दांडा कोराच राहत असेल तर तितकीच मऊ घ्या. शंभरेक किलोमीटर झाल्यावर उंची पुन्हा मोजा. दोन-तीन मिमी बसणं चालतं. त्याहून जास्त बसली तर स्क्रॅगिंग झालेलंच नाही, स्प्रिंगा घेऊन थेट भोसरीला जा.