बूट मेसेज कमी करणारा पॅच रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

लिनक्स कर्नलमध्ये "बूटला फार मेसेज येतात, कमी केले" असा पॅच (कोडमधला बदल) आला की आपण दोन मिनिटांत ओके देऊन मोकळे होतो, कारण नुसते पीआर_इन्फोचे (साधी माहिती छापणारा कॉल) पीआर_डीबग (डीबग चालू असेल तरच छापणारा) झालेले दिसतात, लॉजिकला कुणी हातही लावलेला नसतो. आणि नेमका तिथेच घात होतो.

सगळ्यात आधी कंसाच्या आत बघा. समजा एक स्टेटस रजिस्टर (चिपची स्थिती सांगणारी जागा) आहे, वाचलं की आपोआप क्लिअर होणारं, आणि ते वाचायचा कॉल कुणीतरी थेट पीआर_इन्फोच्या आर्ग्युमेंटमध्येच लिहून ठेवलाय. आता पीआर_डीबग केलं की डीबग बंद असताना ती आर्ग्युमेंट्स चालतच नाहीत, म्हणजे रजिस्टर वाचलंच जात नाही आणि इंटरप्ट (चिपने लक्ष वेधायला दिलेला इशारा) तसाच अडकून बसतो. डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक) एकच शब्द बदललेला, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. व्हॅल्यू आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग छापा.

दुसरी चूक टायमिंगची, ही फार छळते. सिरीयल कन्सोल (मेसेज तारेवरून बाहेर पाठवणारं पोर्ट) 115200 बॉडच्या वेगावर असेल तर सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरं जातात, म्हणजे 80 अक्षरांची एक ओळ सुमारे 7 मिलिसेकंद खाते. तेवढ्या वेळात पलीकडची चिप जागी होत असते. ओळ काढली की डिव्हाइस सापडत नाही! मग जुनाच कर्नल क्वाएट (कन्सोलवरचे मेसेज कमी करणारा बूट पर्याय) लावून बूट करून बघा, तोही फसला तर दोष पॅचचा नाही, ड्रायव्हर आधीपासूनच त्या उशिरावर तगून होता. म्हणून मेसेज परत घालू नका प्लीज, डेटाशीटमधली वेटिंग टाइम बघा, चिप तयार झाल्याचं सांगणारा रेडी बिट तपासा.

क्वाएट आणि पीआर_डीबग एकच समजू नका. क्वाएटमुळे कन्सोलवर साधारणपणे फक्त 0 ते 3 लेव्हलचे (एरर आणि त्याहून गंभीर) मेसेज येतात, पण बाकीचे डीमेसेजमध्ये (कर्नलची मेसेज-नोंद दाखवणारी कमांड) असतातच. पीआर_डीबग बंद असेल तर तिथेही काही मिळत नाही. फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) व्हर्जनची ओळ अशी गेली तर बग रिपोर्ट वाचणाऱ्याने काय करायचं? डायनॅमिक डीबग (बिल्ड न करता पीआर_डीबग सुरू करायची सोय) कंपाइल केलेलं असेल तर बूट लाइनमध्ये डिनडीबीजी हा पर्याय देऊन ती परत आणता येते, नसेल तर कर्नल परत बिल्ड करा.

मेसेज एकदाच छापणारे 'वन्स'वाले मॅक्रोही जपून वापरा, दोन कार्डं असली तर पहिल्याचीच वॉर्निंग दिसते आणि दुसरं खरंच बिघडलेलं असलं तरी गप्प.

प्रोब डिफरचं (ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करणं पुढे ढकलतो ते) वेगळंच, क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून आला नाही म्हणून तीच एरर चार वेळा दिसते, आणि वैतागून लोक एरर छापणाऱ्या डेव्ह_एररचं सरळ डेव्ह_डीबग करून टाकतात, खरी एररही त्यातच पुरली जाते. डेव्ह_एर_प्रोब 2020 पासून आहे ना, डिफर असेल तर डीबगला टाकतं, बाकी एरर मोठ्याने सांगतं. तेच मागा. मेमरी मिळाली नाही हे सांगणाऱ्या ओळी मात्र बिनधास्त काढू द्या, अॅलोकेटर (मेमरी देणारा कर्नलचा भाग) स्वतःच ओरडतो.

आणि टेस्ट फक्त चांगल्या बूटवर नको. फर्मवेअर फाइलचं नाव बदला, मशीन क्वाएटमध्ये रीबूट करा आणि स्क्रीनवर फर्मवेअर न सापडल्याची ती एक एरर येते का ते बघा, नसेल येत तर पॅच परत पाठवा.