आगोटीच्या बेगमीत संकटाची पिशवीही भरा

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी सगळं आठवणीनं येतं. त्याच फेरीत संकटकाळाची पिशवीही भरा, आणि ते काम मृगावर ढकलू नका. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या पट्ट्यात आदळलं ३ जून २०२० रोजी. पुढच्या वर्षी तौक्ते आलं तेव्हा तर मे निम्माच सरला होता, कलमांवर आंबा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात पिशवी तयार हवी.

निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद, मोबाइलची रेंज बंद, एटीएमही बंद. म्हणून रहाट काढून टाकलेल्या घरांनी आधी मजबूत दोर आणि पोहरा घ्यावा. घरात थोडी रोकड, सुट्ट्या नोटा असू द्या. सेलवर चालणारा रेडिओ, जादा सेल, भरलेली पॉवर बँक हवी. बॅटरी डोक्याला बांधायची घ्या. रात्री गोठ्यात दोन्ही हात मोकळे राहतात.

सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, रेशनकार्ड हे सगळं फिरकीच्या झाकणाच्या बरणीत घालून माळ्यावर ठेवा. नारळ, पोफळी, कलमं यांचे उभ्या बागेतले फोटो आताच काढा. पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक येतात तेव्हा आधी काय उभं होतं ते दाखवता आलं पाहिजे.

गोठ्याकडे मात्र बहुतेकांचं लक्ष नसतं. दावणीजवळ, पण गुरांना लागणार नाही अशा उंचीवर, धारदार कोयता अडकवून ठेवा. भिजलेल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही. पाणी चढतंय आणि गुरं हलवायला वेळ नाही, तर दावं सरळ कापा. मोकळं जनावर पोहत उंचवटा गाठू शकतं. बांधलेलं जागेवर बुडतं. माळ्यावर चार दिवसांचा पेंढा टाकून ठेवा.

औषधांत रोजच्या गोळ्या, ओआरएस, पट्ट्या, जंतुनाशक मलम आणि पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या. गमबूट घ्याच. पायाला जखम असताना लावणीच्या चिखलात उतरलात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोका असतो. नंतर ताप आला तर अंगावर काढू नका, शेतात उतरल्याचं डॉक्टरांना सांगा. फुरसं हा विषारी साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. माणसाला चालू न देता ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात न्या.

११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक कागदावर लिहून दाराला चिकटवा. कुऱ्हाड, करवत धार लावून ठेवा, पण विजेच्या तारेवर पडलेल्या माडाला वायरमननं लाइन बंद असल्याचं सांगेपर्यंत हात लावू नका.