लहान मुलांसोबत घरची संध्याकाळची प्रार्थना कशी करावी

दोन ते आठ वर्षांची मुलं असलेल्या ख्रिस्ती घरात कौटुंबिक प्रार्थनेला दहा मिनिटं पुरतात. गीताला दोन, वचनाला (बायबलच्या वाचनाला) तीन, मुलांच्या प्रार्थनेला तीन, प्रभूच्या (येशूने शिकवलेल्या) प्रार्थनेला एक आणि आशीर्वादाला एक. याहून लांबलं की धाकटं लोळायला लागतं, थोरलं त्याला ढकलतं आणि आई मिटल्या डोळ्यांनी दटावते. मुलांच्या लक्षात मग ते दटावणंच राहतं. ‘अर्धा तास बसवा, आपोआप सवय होते’ असं सांगणारी वडीलधारी मंडळी प्रेमानेच सांगतात, पण तो सल्ला ऐकू नका. ‘कळतं वय झालं की सुरू करू’ हाही सल्ला तितकाच वाईट. दोन वर्षांच्या मुलाला शब्द कळत नसतील, पण घरातले सगळे रोज कधी एकत्र बसतात ते त्याला नक्की कळतं.

वेळ

जेवण झाल्यावर लगेच, त्याच जागी. ताटं बाजूला सारायची, तोंडं पुसायची आणि बसायचं. ओटा आवरून मग बसू म्हणाल तर तोवर टीव्ही लागलेला असतो. जेवणाआधी मुलं भुकेली असतात, झोपताना पेंगुळलेली. अंथरुणावर फक्त बायबलच्या स्तोत्र 4 मधलं आठवं वचन म्हणावं, शांतीने पडून झोपण्याचं. एकच वचन आहे, रोज ऐकून महिन्याभरात पाठ होतं.

इंदूरमधल्या कितीतरी घरांत वडील पीथमपूरच्या कारखान्यांत शिफ्टला असतात आणि आठवड्याआड त्यांची रात्रीची पाळी येते. त्यांच्यासाठी मुलांना दहापर्यंत ताटकळत ठेवू नका. आईने वेळेवर सुरू करावं. वडील घरी असतील त्या दिवशी मात्र वचन त्यांनीच वाचावं. प्रार्थना म्हणजे आईने करून घ्यायचा गृहपाठ, असं मुलांना वाटता कामा नये.

गीत

महिन्याला दोनच गीतं घ्या आणि आलटून पालटून तीच म्हणा. रोज नवं गीत काढलं की मुलं नुसती ऐकत राहतात. नारायण वामन टिळकांची भजनं शंभर वर्षांहून जुनी आहेत, तरी त्यांतली बरीचशी लहानांना जमतात, कारण चाल ओळखीची आणि ध्रुवपद फिरून येणारं. पूर्ण भजन म्हणायचा हट्ट नको. ध्रुवपद आणि एक कडवं, टाळ्या वाजवून. खंजिरी असेल तर ती धाकट्याच्या हातात द्या आणि गीत संपताच परत घ्या.

वचन

बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकिकत, घ्या. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचं, आणि त्यात येशू सतत काहीतरी करत असतो. लांब भाषणं कमी, माणसं भरपूर. एका वेळी चार ते बारा वचनं पुरेत. कुठे थांबायचं ते आधी पाहून पेन्सिलीने खूण करून ठेवा. वादळ शांत करण्याची गोष्ट सात वचनांची आहे (अध्याय 4, वचनं 35–41), छत उकरून पक्षाघाती माणसाला खाली सोडण्याची बारा वचनांची (2:1–12), आंधळ्या बार्तीमयाची सात (10:46–52) आणि मुलांना जवळ घेण्याची फक्त चार (10:13–16). बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचा भाग (6:14–29) सात वर्षांखालच्या मुलांसमोर वगळावा. तेरावा अध्यायही नंतरसाठी ठेवा. चौदावा आणि पंधरावा गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात थोडा थोडा घ्या.

चित्रांचं पुस्तक जरूर वापरा, पण आठवड्यातून तीन दिवस तरी खऱ्या शास्त्रातून, म्हणजे बायबलमधूनच, वाचा. जाड पुस्तक, बारीक अक्षरं, आजीने ओढलेल्या रेघा, हे सगळं मुलांनी पाहावं.

वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर गोष्टीतच असलेला. होडीत येशू कशावर डोकं ठेवून झोपला होता? (उशीवर.) याईराची मुलगी उठल्यावर येशूने तिला काय द्यायला सांगितलं? (काहीतरी खायला.) ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न बंद करा. चार वर्षांचं मूल त्यावर ‘चांगलं वागायचं’ एवढंच म्हणतं, कारण आईला तेच ऐकायचं असतं हे त्याला माहीत असतं. आठवड्याभरात प्रत्येक गोष्टीचं उत्तर ‘चांगलं वागायचं’ होऊन बसतं आणि येशू गोष्टीतून निघून जातो. उशी लक्षात राहिली की वादळ लक्षात राहतं. वादळ राहिलं की त्यात झोपलेला आणि मग उठलेला प्रभूही राहतो.

मुलाची स्वतःची प्रार्थना

बहुतेक घरांत गाडी अडते ती इथे. गीत जमतं, वाचन जमतं, आणि ‘आता तू प्रार्थना कर’ म्हटलं की मूल एकतर आईच्या कुशीत तोंड लपवतं नाहीतर पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकतं.

सुरुवात आईच्या प्रार्थनेपासून करा, मुलाच्या नव्हे. मूल जे ऐकतं तेच बोलतं. आई ‘हे परमदयाळू सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्रतेने’ असं म्हणत असेल तर त्याच्याजवळ बोलायला शब्दच उरत नाहीत. तुमची प्रार्थना तीन वाक्यांची आणि आजच्या दिवसाची असू द्या. ‘देवबापा, आज पाणी वेळेवर आलं, तुझे आभार. दुपारी माझी चिडचिड झाली, मला क्षमा कर. उद्या बाबांना रात्रपाळी आहे, त्यांना सांभाळ. येशूच्या नावाने मागते, आमेन.’ पंधरा दिवस रोज असंच करा आणि तोवर मुलांना काहीही म्हणायला सांगू नका. फक्त ‘आमेन’ सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं.

मग वयाप्रमाणे. दोन-तीन वर्षांच्या मुलाने एकच वाक्य म्हणायचं आणि ते आभाराचं: ‘देवबापा, आजचा ... दिलास, थँक यू, आमेन.’ मधली जागा त्याने भरायची. पोह्यांवरच्या शेवेबद्दल आभार मानले तर ते पूर्ण प्रार्थना म्हणून घ्या. चार-पाचव्या वर्षी त्यात मागणं घाला, पण आधी दुसऱ्यासाठी: आजी, वर्गातला मित्र, तापाने निजलेला शेजारचा बाळू. क्षमा मागणं सहाव्या वर्षापर्यंत मोकळं सोडा. आपणहून म्हटलं तर उत्तम.

प्रार्थनेतून मुलाला कधीही बोलणी देऊ नका. ‘देवा, याला खोटं न बोलण्याची बुद्धी दे’, ‘हिला भावंडाला न मारण्याचं शहाणपण दे’ असं मूल शेजारी बसलेलं असताना मोठ्याने म्हणणं ही प्रार्थनाच नाही. तो मुलाला मारलेला टोमणा आहे, आणि त्यात देवाला साक्षीदार करून घेतलेलं आहे. मूल हे बरोबर ओळखतं. देव आईच्या बाजूचा आणि आपल्या विरुद्धचा, अशी त्याची समजूत होते आणि ती पुसायला वर्षं जातात. खोटं बोलण्याबद्दल जे सांगायचं ते दुपारी, समोरासमोर सांगा. त्या रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करायची तर त्याच्या पोटदुखीसाठी करा.

याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आई मुलावर विनाकारण ओरडली असेल तर तिने आधी मुलाची क्षमा मागावी, जेवणापूर्वी, नाव घेऊन: ‘मघाशी मी उगाच ओरडले, मला माफ कर.’ प्रार्थनेत देवाजवळ क्षमा मागून मुलाला वगळणं चालत नाही.

मूल प्रार्थना करत असताना दुरुस्ती करू नका. मारुतीच्या मंदिरातल्या माकडाच्या पिल्लासाठी केलेली विनंती असो, क्रिकेटची मॅच जिंकू दे असो, सायकल दे असो, मध्ये बोलायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. पाहुण्यांसमोर ‘काल काय म्हणाला माहीत आहे का’ म्हणून सांगायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. एकदा व्हिडिओ काढला की पुढची प्रार्थना मोबाइलसाठी होते. सायकलच्या मागणीत गैर काही नाही. मागू द्या. मिळेलच, असं वचन मात्र देवाच्या वतीने तुम्ही देऊ नका.

गप्प बसणाऱ्या मुलाला हक्काने गप्प बसू द्या. पाळी त्याची आली की शेजारच्याने त्याचा हात दाबायचा. बोलायचं नसेल तर त्याने पुढच्याचा हात दाबायचा. एवढ्यावर काम होतं. ‘बघ, ताई किती छान करते’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. भावंडांत चढाओढ सुरू झाली की एकाची प्रार्थना पाच मिनिटांची होते आणि दुसऱ्याची कायमची बंद पडते.

आणि एक प्रसंग प्रत्येक घरात येतोच. आजीसाठी महिनाभर मूल रोज प्रार्थना करतं आणि आजी जाते. तेव्हा ‘देवाला चांगली माणसं हवी असतात, म्हणून नेलं’ असं सांगू नका. मूल रात्री आईला धरून झोपतं, कारण आईही चांगलीच असते. ‘आपला विश्वास कमी पडला’ हे तर कोणाच्याही तोंडून त्याच्या कानावर पडू देऊ नका, मग सांगणारं माणूस घरातलं कितीही मोठं असो. त्याला गेथशेमानेची, म्हणजे येशूला पकडलं त्या रात्रीची, गोष्ट वाचून दाखवा (मार्क 14:32–36). हा प्याला टळू दे, असं येशूनेही बापाजवळ मागितलं होतं, आणि तो टळला नाही. बापाने त्याचं ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. त्याला सोडलं होतं का? नाही, तिसऱ्या दिवशी उठवलं. मुलाला एवढंच सांगा, आणि तुम्हाला स्वतःलाही रडू येत असेल तर येऊ द्या. त्या आठवड्यात स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातच ‘किती वेळ’ या तक्रारीने होते. देवाजवळ तक्रार करता येते हे मुलाला शास्त्रातूनच कळू द्या.

प्रभूची प्रार्थना

आठवड्याला एक ओळ, दोन महिन्यांत पूर्ण. इथे एक अडचण इंदूरचीच आहे: घरी मराठी, चर्चमध्ये हिंदी उपासना, शाळेत इंग्रजी. तिन्ही पाठ एकाच वेळी सुरू केले की मूल ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ने सुरू करून हिंदीत संपवतं. घरी मराठीच पक्की करा. हिंदीतली रविवारी ऐकून ऐकून येते, शिकवावी लागत नाही. सुटीत पुण्याला किंवा नगरला गेल्यावर मूल तिथल्या चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणू शकतं.

आशीर्वाद

घरात आजोबा असतील तर त्यांची प्रार्थना बहुधा लांब असते, आणि ‘आजोबा, थोडक्यात करा’ असं सुनेने म्हणणं बरं दिसत नाही. शेवटचा आशीर्वाद त्यांच्याकडे द्या. बायबलच्या गणना या पुस्तकातली 6:24–26, तीनच वचनं, प्रत्येक नातवंडाच्या डोक्यावर हात ठेवून. मान मोठा, वेळ एक मिनिट. त्यांना सविस्तर प्रार्थना करायची असेल तर मुलं झोपल्यावर मोठ्यांनी बसावं, आणि खरोखरच बसावं.

शेजारची आरती

गणपतीच्या दहा दिवसांत आठच्या सुमारास गल्लीत आरती सुरू होते. स्पीकरशी स्पर्धा करू नका, अर्धा तास मागेपुढे सरका. अनंत चतुर्दशीला झांक्या (चित्ररथ) पाहून रात्री उशिरा घरी आलात तर फक्त अंथरुणावरचं वचन म्हणा. ‘आपण आरती का करत नाही?’ याला सरळ उत्तर द्या: ‘आपल्या घरी आपण येशूच्या नावाने प्रार्थना करतो.’ शेजाऱ्यांबद्दल एकही उणा शब्द नको. शेजारच्या मित्राचं नाव त्या रात्रीच्या प्रार्थनेत आलं तर फारच छान.

खंड पडला तर

ताप, परीक्षा, लग्नकार्य, प्रवास यांत चार दिवस जातातच. चार दिवसांचं वाचन एकदम भरून काढू नका आणि मुलांसमोर हळहळूही नका. पेन्सिलीची खूण जिथे आहे तिथून, ओळखीचं गीत म्हणून, पुढे सुरू करा. मूल खूप आजारी असेल तर गीत आणि वाचन सोडा. त्याच्या कपाळावर हात ठेवून एका वाक्याची प्रार्थना करा आणि औषध वेळेवर द्या.