गुडघ्यातील अस्तराच्या गाठीची शस्त्रक्रिया : घरच्यांनी करावयाची तयारी

गुडघ्याच्या आतल्या अस्तरातून वाढणाऱ्या टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमरला जुन्या कागदपत्रांत पीव्हीएनएस म्हटलेले आढळते. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते, मात्र ती सांधाभर पसरलेली असेल तर काढल्यानंतरही पुन्हा वाढू शकते. म्हणून तारीख घेण्याआधीच गाठ एका जागी आहे की पसरलेली, काम दुर्बिणीतून होणार की गुडघा उघडून, आणि पायावर भार कधी द्यायचा, हे तीन प्रश्न शल्यचिकित्सकांना विचारून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, कारण रजा, वॉकर आणि सोबतीचा माणूस हे सारे त्यांवरच ठरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेव्हाच सांगावे. मेडिक्लेमची पूर्वमंजुरीही आधीच मागून ठेवावी.

घराची तयारी रुग्ण दाखल होण्यापूर्वी पुरी व्हावी. धाकट्या भावाच्या वेळी आम्ही नौपाड्यातल्या घरी वॉकर आणला आणि तो न्हाणीघराच्या दारातून आत जाईना. चौकट अरुंद आहे हे तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आले नव्हते. तेव्हा आधी टेप घेऊन दारे मोजावीत, पायपुसणी आणि सतरंज्या उचलाव्यात, भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यास कमोड खुर्ची भाड्याने आणावी आणि अंघोळीसाठी न घसरणारे स्टूल ठेवावे. आमच्यासारखी जुनी, लिफ्ट नसलेली इमारत असेल तर जिन्याचा सराव शस्त्रक्रियेआधीच फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. घरी आणण्यासाठी मागच्या सीटवर पाय लांब करता येईल अशी गाडी ठरवावी. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत रिक्षात पाय दुमडून बसणे कुणालाच सोसवणार नाही.

काढलेला भाग नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो गंजासारखा तपकिरी दिसला तरी घाबरू नये, वारंवार झिरपलेल्या रक्तातले लोह साठल्याने तो रंग येतो. पक्के निदान पॅथॉलॉजीच्या अहवालातूनच होते, त्यामुळे तो आणायला कोण जाणार हे आधी ठरवून ठेवावे.

घरी आल्यावरचे खरे काम म्हणजे गुडघा आखडू न देणे. पाय पुरता सरळ होणे हे वाकण्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच घरच्या मायेपोटी बिघडते. आमच्या मावशीने भावाच्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली होती. फिजिओथेरपिस्टबाईंनी ती काढून टॉवेलाची गुंडाळी टाचेखाली ठेवली, तेव्हा गुडघा आणि गादी यांत हाताचा पंजा जाईल एवढी पोकळी राहिली, आणि मांडीचा स्नायू आवळून ती पोकळी दाबण्याचा व्यायाम दिवसातून किती वेळा करायचा हे त्यांनी भिंतीवरच्या कागदावर लिहून दिले. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावे, आणि नंतर बर्फाची पिशवी पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. तेल लावून मालीश करण्याचा सल्ला देणारे कुणीतरी येतेच. त्यांना चहा द्यावा, मालीश मात्र करू देऊ नये.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला, जखम लाल होऊन पाझरू लागली किंवा गुडघा एकाएकी टम्म फुगला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. डॉक्टरांचा आणि रुग्णालयाचा फोन क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला असावा. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची परवानगी डॉक्टरांकडूनच घ्यावी. गणपतीच्या आरतीला भाऊ खुर्चीवरच बसला होता.

शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयच्या फिल्म आणि सीडी जपाव्यात, पावसाळ्यात तर प्लास्टिकच्या पिशवीत, कारण गाठ परत येते आहे का हे नव्या एमआरआयची जुन्याशी तुलना करून पाहिले जाते. पाय बरा वाटू लागला की ही तपासणी हमखास विसरली जाते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहाव्यात आणि नव्या वर्षाचे कालनिर्णय घरात आले, की राहिलेल्या तारखा त्यावर उतरवून मगच जुने रद्दीत टाकावे.