विदेशी रिव्हॉल्व्हर की देशी? परवाना हातात आल्यावर काय पाहाल

सर्वसामान्य परवानाधारकाला नवं विदेशी शस्त्र थेट आयात करता येत नाही. त्यामुळे बाजारात दिसणारा ‘फॉरेनचा माल’ बहुतेक जुना, हात बदललेला असतो आणि दुर्मीळ म्हणून महाग. नाव बघून भुलू नका, आधी काडतुसांचं बघा.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरला ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ काडतूस लागतं. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ असं कोरलेलं असेल तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातलं. जुन्या विदेशी .३२ मध्ये मात्र घर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, कधी कधी आखूड काडतुसाचं असतं, त्यात लाँग पूर्ण बसत नाही. कानस लावून घर वाढवून देतो म्हणणाऱ्याकडून ताबडतोब उठा.

जुनं घेताना विक्रेत्याला ते रिकामं करून दाखवायला सांगा, मग स्वतःही एकेक घर तपासून बघा. घोडा (चाप नव्हे, मागचा हातोडा) अगदी सावकाश मागे ओढा. तो अडकेपर्यंत सिलिंडर, म्हणजे घरं असलेला फिरता भाग, जागेवर घट्ट बसलाच पाहिजे. डुलत असेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि गोळीचं शिसं कडेला खरवडून उडतं. नळीत उजेड टाका. गंजाचे खड्डे तेलाने झाकलेले असतात, म्हणून आधी कोरडं फडकं फिरवा.

बारा बोअरच्या जुन्या इंग्लिश बंदुकीचं घर अनेकदा ६५ मिमीचं असतं. ७० मिमीचं काडतूस त्यात जातं, पण तोंड उघडायला जागा न उरल्याने दाब धोकादायक वाढतो.

सुटे भाग देशीचेच सहज मिळतात. पहिलं शस्त्र असेल तर देशीच घ्या. अंगावरचा क्रमांक परवान्यातल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळवूनच दुकान सोडा.